घोडा नसलेल्या पुस्तकावरचा घोडा

आई, तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. गेल्या सोमवारी दुपारी खोकं आलं. मी ते स्वयंपाकघरातच उघडलं, कारण उजेड तिथे चांगला असतो, आणि बराच वेळ एक प्रत हातात धरून नुसती उभी राहिले. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. पुस्तक पहिल्यांदा छापून आलं त्याला बत्तीस. पहिल्या वेळी जे झालं त्याबद्दल आपण दोघी एकदाच बोललो, तेही भांडताना. आता शांतपणे बोलता येईल असं वाटतं, म्हणून लिहायला बसले आहे.

तू लिहायचीस ती सकाळी, पेज शिजेपर्यंत. एका पाटावर स्वतः, दुसरा पाट समोर, त्यावर वही. डाव्या हाताने मधूनमधून पातेल्यावरचं झाकण सरकवायचीस, उजवा हात थांबायचा नाही. शाळेत दिवसभर सातवीच्या मुलांना भूगोल शिकवायचीस, आणि घरी असा भूगोल रचायचीस जो कुठल्याच नकाशात नव्हता. समुद्र एके दिवशी मागे हटतो आणि परत येतच नाही. उघड्या पडलेल्या तळावर माणसं राज्य वसवतात, बुरूज बांधतात, समुद्र होता हेच विसरतात. मग तीनशे वर्षांनी एका साठीच्या सुइणीच्या लक्षात येतं की हल्ली जन्मणारी मुलं रडतात, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ती समुद्राला परत बोलवायला पायी निघते. वाटेत तिला जगातला शेवटचा तिमिंगिल भेटतो, डोंगराएवढा मासा, चिखलात रुतून पडलेला, पण अजून जिवंत. आठ वर्षं तू हे लिहीत होतीस. बाबा मुंबईहून गणपतीला आले की वह्यांची चळत बघून विचारायचे, "अजून पोचली नाही का तुझी म्हातारी?" तू म्हणायचीस, "चालतेय."

हे सगळं मला तेव्हा तुझ्या आणि बाबांच्या बोलण्यातून माहीत होतं. वाचून नव्हे.

एका लहानशा प्रकाशकाने पुस्तक स्वीकारलं, तेव्हा मी मुंबईत चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होते. तू त्यांना परस्पर कळवून टाकलंस की मुखपृष्ठ माझी मुलगी काढेल. मे महिन्यात मी घरी आले, तर तू सगळ्या वह्या एका कापडी पिशवीत भरून माझ्या उशाशी ठेवलेल्या. "आधी वाच, मग काढ," एवढंच म्हणालीस. मी अकरा पानं वाचली. आंब्याचे दिवस, मैत्रिणी, गणपतीपुळ्याला जायचं ठरलेलं, आणि अक्षर तुझं बारीक. शिवाय मला वाटत होतं की अशा पुस्तकांवर काय असतं ते मला ठाऊक आहे. मुंबईच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचे ढीग असायचे, विटेएवढ्या जाड, आणि प्रत्येकीवर तलवारी, किल्ले, ज्वाळा, वाऱ्यावर उडणारे केस. आत काय लिहिलंय ते न कळताही मी त्या हातात घ्यायचे. मी चार दिवसांत चित्र पुरं केलं. काळ्या घोड्यावर एक राजपुत्र, हातात उगारलेली तलवार, मागे लाल आभाळ, पायाशी एक सुंदर बाई. प्रकाशक खूश झाले. तुला दाखवायच्या आधीच मी ते त्यांना पाठवलं होतं.

पावसाळ्यात मी दोन दिवस घरी आले असताना पहिल्या प्रती आल्या, तो दिवस मला आत्ताही दिसतो. तू मासे साफ करत होतीस. उठतेस, हात दोनदा धुतेस, पदराला पुसतेस, प्रत घेतेस आणि खिडकीपाशी नेतेस.

"चित्र छान आलंय," म्हणतेस. मग थोड्या वेळाने, "हा घोडा कुठनं आला गो?"

"अशा पुस्तकांना घोडा लागतो आई."

"माझ्या पुस्तकात घोडा नाही. समुद्राच्या तळावर घोडा चालेल कसा? पोटापर्यंत रुतेल."

मी हसले. वर शिकवल्यासारखं सांगितलं, "मुखपृष्ठ पुस्तकासाठी नसतं. बघणाऱ्यासाठी असतं. त्याने उचललं की काम झालं."

तू प्रत कपाटावर ठेवलीस आणि परत माशांकडे वळलीस.

बघणाऱ्यांनी उचललं, हे खरं. आपल्या वाचनालयातली प्रत कॉलेजच्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात नेली. दोन दिवसांत परत आली. दुसऱ्याने नेली, पुन्हा परत. ग्रंथपाल बाई तुझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी तुला सांगितलं की मुलं विचारतात, लढाई कितव्या पानावर आहे? लढाई नव्हतीच. एक म्हातारी चिखलातून चालत होती, आणि राजपुत्राची वाट बघणाऱ्या मुलाला त्या म्हातारीचा राग येणारच. आणि ज्यांना ती आवडली असती, त्या बायका पुस्तकाजवळ फिरकल्या नाहीत. शेजारच्या काकी तोंडावर म्हणाल्या, "मारामारीचं मला नको हो. तुम्ही लिहिलंय ते चांगलंच असेल, पण मला नको." पुढे मला कितीदा आठवलं ते वाक्य. त्यांनी पुस्तक नाकारलं नव्हतं. माझं चित्र नाकारलं होतं.

दिवाळीत घरी आले तर तुझ्या टेबलावर सात प्रती होत्या, सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातलेली, शाळेच्या वह्यांना घालतात तशी. वर तुझ्या अक्षरात नुसतं नाव. तू त्या शाळेतल्या बायकांना देत होतीस, एकीची झाली की दुसरीला. मी एक कव्हर ओढून काढलं. तुला म्हणाले की माझं चित्र इतकं लाजिरवाणं असेल तर तेव्हाच फाडायचं होतंस. आणखीही बरंच बोलले, तुझ्या पुस्तकाबद्दल, की कुणाला हवंय चिखलातून चालणाऱ्या बाईबद्दल वाचायला. तू ऐकून घेतलंस. तुझा आवाज वर्गातही चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"ते चित्र बघून त्या हात लावत नव्हत्या. खाकी घातल्यावर घेतात. मी काय करू, सांग."

मग, मी दाराशी पोचल्यावर, पाठीमागून म्हणालीस, "तू वाचलं असतंस तर घोडा काढला नसतास."

मी मागे वळले नाही. त्यानंतर तू दुसरं पुस्तक लिहिलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "होतं ते सगळं त्यात घातलं." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, हे मी कधी खोदून विचारलं नाही.

मी मात्र पुढे तेच काम करत राहिले. पंचवीस वर्षं मुंबईत मुखपृष्ठं केली, त्यात अद्भुत कादंबऱ्याच जास्त. डोक्यावरून झगा ओढलेली पाठमोरी आकृती, धुकं, दूरवर दिवा लागलेला मनोरा, सोनेरी अक्षरं. मला कळत गेलं की या प्रकारच्या पुस्तकाला चित्राची गरज इतरांपेक्षा जास्त असते. कौटुंबिक कादंबरी घेणाऱ्याला घर म्हणजे काय ते ठाऊक असतं. इथे सातशे पानं परक्या जगात काढायची असतात, आणि तिथली हवा कशी आहे हे वाचकाला दारातच कळावं लागतं. त्या हवेबद्दल चित्र खोटं बोललं, तर तो पन्नासाव्या पानावर उठून जातो आणि पुन्हा येत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवायचे. शिकवताना कुठलं उदाहरण मनात आहे, ते सांगायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी मी रत्नागिरीला परत आले. मागच्या पावसाळ्यात एका तरुण संपादिकेचा फोन आला. तिला रद्दीच्या दुकानात एक पुस्तक सापडलं होतं, सुरुवातीची पानं आणि मुखपृष्ठ फाटून गेलेलं. कसलं पुस्तक आहे ते बघायला म्हणून तिने उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि घरी नेलं. पानांच्या माथ्यावर छापलेल्या तुझ्या नावावरून शोधत शोधत ती माझ्यापर्यंत आली, लेखिकेची मुलगी म्हणून. मी चित्रकार आहे हे तिला बोलता बोलता कळलं. "मग मुखपृष्ठ तुम्हीच करा ना," ती म्हणाली. मी एक महिना मागून घेतला. तिला वाटलं, चित्राला.

मी वाचायला घेतलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या पाटावर नाही, गुडघे दुखतात, खुर्चीवर. सुईण अवघडलेल्या पोरींशी बोलते ते बोलणं मी ओळखलं. तापात तू माझ्याशी तसंच बोलायचीस, आधी दुसरंच काहीतरी विचारायचं आणि मग हळूच दुखतंय कुठे ते. तिमिंगिलाचं प्रकरण वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवलं. सुइणीला त्याची भीती वाटत नाही, त्याच्या कोरड्या डोळ्याला ती आपल्या वाटणीचं पाणी लावते आणि म्हणते, मीही दमले आहे, तू आधी बोल. असं लिहिणारी बाई मला रोज पेज वाढत होती, आणि मी तिला घोड्याची गरज समजावून सांगत होते.

नंतरचे आठ-दहा दिवस ओहोटीच्या वेळी भाट्याच्या खाडीवर जात होते. शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायका चिखलात पाय कसा ठेवतात, कसा उपसतात ते बघून रेखाटलं. त्यातल्या एकीने विचारलं, "आमचं काय काढतेस बाय?" मी म्हटलं, "पाय." ती म्हणाली, "तोंडापेक्षा पायच बरे आहेत," आणि सगळ्या हसल्या.

पहिलं चित्र संपादिकेला पाठवलं. चिखल, एक म्हातारी, हातात गाठोडं. ती नम्रपणे म्हणाली, "सुंदर आहे. पण ही गावाकडची वास्तववादी कादंबरी वाटते. फँटसी वाचणारी मुलं मोबाइलवर नखाएवढं चित्र बघतात, ती पुढे सरकतील." मला राग आला. दोन दिवसांनी वाटलं, तिचं बरोबर आहे. बत्तीस वर्षांपूर्वी मी नको त्यांना बोलावलं होतं. आता अर्ध्यांना दाराबाहेर ठेवत होते. मग म्हातारीच्या मागे तिमिंगिल आणला, चिखलातून वर आलेला, पाठीवर शेवाळ, एकच डोळा उघडा, आणि त्या डोळ्यापुढे ती तांदळाएवढी. घोडा, तलवार, ज्वाळा काही नाही. संपादिका म्हणाली, "ती थोडी तरुण दाखवायची का?" मी म्हटलं, "नाही." तिने पुन्हा विचारलं नाही.

परवा वाचनालयात प्रत दिली आणि मासिकं चाळत बसून राहिले, खोटं कशाला बोलू, बघायलाच बसले होते. अकरावी-बारावीची एक मुलगी आली, पुस्तक उचललं, ग्रंथपालांना म्हणाली, "मॅडम, हा कुठला प्राणी?" "वाचून मला सांग," त्या म्हणाल्या. तिच्या मागे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका उभ्या होत्या, त्यांनी चष्मा वर करून चित्र जवळून पाहिलं. "हे गाठोडं सुइणीचं दिसतंय. तुझं झालं की मला ठेव हो." मुलगी म्हणाली, "जाड आहे आजी, वेळ लागेल." "लागू दे. माझी काही घाई नाही." दोघींची नावं रजिस्टरमध्ये एकाखाली एक लिहिली गेली. तुला हे दाखवायचं होतं.

एक गोष्ट राहिली. छपाईला जायच्या आधी संपादिकेचा फोन आला होता. नव्या आवृत्तीत पहिल्या आवृत्तीची माहिती द्यायची होती, आणि तिच्या प्रतीत तीच पानं नव्हती. "पहिलं मुखपृष्ठ कुणाचं होतं, तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हटलं, "नाही. आई कधी बोलली नाही." सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी झाले, आणि नव्या आवृत्तीत आता पहिल्या चित्रकाराची ओळच नाही. तुला पत्र पाठवायला पत्ता नाही. संपादिकेचा आहे, आणि यातली निम्मी पानं खरं तर तिला जायला हवीत. मी ती अजून पाठवलेली नाहीत.