डोकी माझ्या हातची

मी, खाली सही करणारी, दातांच्या लॅबमधून निवृत्त झालेली कारागीर, एका मुलाची आई आणि एका उस्तादाची बायको, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसांचा दाखला मात्र ते देत नाहीत, नुसतं "बघू" म्हणतात. जन्मभर कवळ्या घासल्या, त्याची भुकटी छातीत बसली आहे, तेव्हा काय बघायचं राहिलंय ते मला कळतं. वकीलबाईंनी टाइप केलेला मसुदा दिला होता. तो कोणाच्याही बायकोला चालला असता, म्हणून हे मी माझ्या बोलण्यात लिहिते आहे. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच आहे. माझा मुलगा वीस वर्षं या घराबाहेर आहे. त्याला या घराचं दार उघडलं गेलं पाहिजे.

कलम एक. हे राहतं घर, दुसरा मजला, तीन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या नावावर आहे. निम्मे पैसे माझ्या वडिलांचे, निम्मे माझ्या पगाराचे. घरात कागदावर कोणाचं नाव आहे, हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. माझ्या पश्चात घर मुलाचं. माझ्या पतींना हयात असेपर्यंत इथे राहण्याचा हक्क राहील, पण त्याला एक अट आहे. ती कलम चारमध्ये येईल. घाई करून आधी तेच वाचू नये. ते वाचणारच, मला माहीत आहे.

कलम दोन. बैठकीतलं काचेचं कपाट आणि त्यातली माणसं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा डबा विकत मिळतो, त्याला किट म्हणतात. भाग जोडायचे, घासायचे, रंगवायचे, की बोटभर उंचीचा शिपाई किंवा घोडेस्वार तयार होतो. माझ्या पतींचा हा छंद. लग्नानंतर पहिल्याच किटमध्ये त्यांनी एका सरदाराचं नाक घासून सपाट केलं आणि दोन दिवस जेवणावर राग काढला. मी लॅबमधली कोरणी आणली, वाळली की दगडासारखी होणारी पुट्टी मळली आणि वाटाण्याएवढं नवं डोकं करून दिलं. तिथून माझं नशीब उघडलं म्हणायचं. डोकी माझी, हात माझे, बोटं माझी. गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून कापलेले पट्टे आणि लगाम माझे. त्यांनी पाय जोडले आणि बूट रंगवले. बूट ते फार सुंदर रंगवतात, खोटं कशाला बोलू.

या छंदातल्या लोकांचं मॉडेल मंडळ आहे, तिथे मात्र ते सांगत आले, "मी डब्यातलंच प्लॅस्टिक कोरून चेहरा बदलतो." लोक त्यांना उस्ताद म्हणायला लागले. आता थाप मारली की ती निभवावी लागते. ने-आण करताना मोडू नयेत म्हणून मी डोकी तारेच्या खुंटीवर बसवते, ती प्रदर्शनात पोचल्यावर चिकटवावी लागतात. प्लॅस्टिकचा गोंद प्लॅस्टिकला विरघळवून एकजीव करतो, पण पुट्टीला तो ढिम्म काही करत नाही. तिला वेगळा गोंद लागतो. तो मी दरवेळी त्यांच्या पिशवीत घालते आणि दरवेळी तसाच परत येतो, कारण मंडळातल्यांदेखत तो काढला तर डोकं प्लॅस्टिकचं नाही हे उघड होईल. म्हणून उस्ताद ऐटीत चुकीचा गोंद लावतात आणि घरी येईपर्यंत डोकं पिशवीत गडगडत असतं. मग माझ्यापुढे आणून ठेवायचं, "अगं, हे निघालं." इतक्या वर्षांत मंडळातल्या एकालाही शंका आली नाही. पुरुषांचा पुरुषांवर किती विश्वास असतो.

तर कपाट, काच आणि बूट पतींचे. डोकी आणि हात मुलाचे. वेगळे कसे करायचे याची चिंता नको, जरा हलवलं तरी निघतील.

कलम तीन. डब्यांतून आलेली मूळ डोकी, जी आम्ही कधी वापरलीच नाहीत, ती मी एका बरणीत साठवली आहेत. ती बरणी माझ्या नणंदेला द्यावी. सगळी एका साच्यातली, सगळ्यांची मान ताठ आणि कोणाच्या कानात काही शिरत नाही. तिला घरच्यासारखं वाटेल. "मुलगा गेला तर गेला, दादाच्या शब्दाला मान नको का?" हे तिने माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचं खाताना म्हटलं होतं.

कलम चार. अट. आधी काय झालं ते सांगते. वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या प्रदर्शनात यांना पहिलं पदक मिळालं. परीक्षकांनी विचारलं, चेहऱ्यात एवढा जीव कसा आणता? हे सांगू लागले, पाती, दाब, संयम, असं बरंच काही. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तेव्हा नुकता कमवायला लागला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "डोकी आई करते." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. लोक हसले, त्यांना वाटलं पोरगा आईचं कौतुक करतोय. मला कोणी काही विचारलंच नाही.

आम्ही दोघं आधी घरी आलो, मुलगा मागून आला. यांनी दार अर्धं उघडलं आणि म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी यांच्या पाठीमागे होते. यांच्या खांद्यावरून मला त्याचा चेहरा दिसला, आणि दार लागलं. मी यांना बाजूला ढकलून जिन्यात धावले तोवर तो खाली रस्त्यात पोचला होता. आता तो दुसऱ्या गावी असतो, लग्न झालं, मुलगी आहे. मी त्याच्याकडे जाऊन येते. त्याचा फोन आला की हे पेपर घेऊन गॅलरीत जातात.

तर अट अशी. माझ्या मृत्यूनंतर मुलगा या दाराशी येईल तेव्हा दार माझ्या पतींनी स्वतःच्या हाताने उघडावं. पूर्ण उघडावं. आणि "ये" म्हणावं. शेजाऱ्याला पुढे करू नये, कडी काढून आत जाऊन बसू नये. हे झालं तर त्यांनी सुखाने शेवटपर्यंत इथे राहावं. नाही झालं तर त्यांचा हक्क संपला, आणि त्यांनी आपल्या बहिणीकडे जावं, जिथे त्यांच्या शब्दाला मान आहे. वकीलबाईंना विचारलं, हे चालतं का? त्या म्हणाल्या, भांडता येईल. मी म्हटलं, भांडू दे.

कलम पाच. कपाटात मधल्या फळीवर ढोल वाजवणारा शिपाई आहे. वरच्या वाटणीत तो धरू नये. त्याचं डोकं मी मुलगा गेल्यावर केलं, आणि तो दारातला चेहराच केला. तीच भुवई, तेच अर्धवट उघडलेलं तोंड. त्यालाही पदक मिळालं. परीक्षक म्हणाले, भीती आणि हट्ट एकाच चेहऱ्यात क्वचित दिसतात. हे दर रविवारी त्याची धूळ मऊ ब्रशने झटकतात. मुलाला तोंड दाखवू नकोस म्हणणारा माणूस इतकी वर्षं त्याच तोंडाला जपतोय आणि ओळखत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, एखाद्या रविवारी हात थांबेल. नाही थांबला. मग मीही आशा सोडली आणि राग धरून राहिले, तो बरा पडतो, पोटाला आधार देतो. हा ढोलवाला पतींकडेच राहावा. वकीलबाईंनी हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम सहा. बँकेत जे असेल ते सुनेला. आकडा कोणाच्या डोळ्यांत भरेल असा नाही.

कलम सात. माझ्या कोरण्या, सुया, चिमटे आणि भिंगाचा दिवा नातीला. तिने त्यांचं काही केलं नाही तरी हरकत नाही. केलं, तर त्याच्यावर नाव तिचंच लागावं.

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी जोडलेली. साक्षीदार यायचे होते, मी कागद टेबलावर ठेवून बसले होते, तेवढ्यात हे आले. परवा शहरातलं मोठं प्रदर्शन आहे. हातात ढोलवाला, आणि त्याचं डोकं दुसऱ्या हातात. "अगं, हे निघालं." मी काय लिहिते आहे हे विचारलं नाही. मला धाप लागली होती, म्हटलं, आज तुम्हीच बसवा, मी गोंद सांगते. त्यांनी डोकं चिमट्यात धरलं आणि भिंगाच्या दिव्याखाली आणलं. इतक्या जवळून त्यांनी ते कधी पाहिलं नसावं, त्यांचं लक्ष नेहमी बुटांकडे. बराच वेळ पाहत राहिले.

"हे माझ्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. "तरुणपणी मी असाच होतो. पण मी एवढा घाबरलो कधी होतो गं?"

मी म्हटलं, "तुम्ही नव्हता घाबरलात. तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला होता."

त्यांनी डोकं माझ्या तळहातावर ठेवलं, दिवा बंद केला, परत लावला. चष्मा काढून पुसला. मी गोंदाची बाटली पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. मग खाली बघत विचारलं, "आता कसा दिसतो?"

वीस वर्षांत हा पहिला प्रश्न. माझ्या फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो आहेत, फोन टेबलावरच होता. त्यांनी फोनकडे पाहिलं. मी तो उचलून पदरात घेतला.

"दार उघडाल तेव्हा बघाल," म्हटलं.

ते अजून शेजारच्या खुर्चीवर बसून आहेत. कलम पाच वाचून दाखवण्याची आता गरज उरलेली नाही. कलम चारमध्ये काहीही बदल नाही.

हे सर्व वाचून, समजून, मी माझ्या मर्जीने सही केली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना. ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार होता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, त्यामुळे पतींची सही इथे नाही.

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
मृत्युपत्र करणारी: (सही, हात थोडा हलला आहे, तो धापेमुळे)
स्थळ: माझं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, शुक्रवार, दुपार