सुलभाचा सराव आणि माझी सिस्टीम

३ नोव्हें., सोम.
सुलभाची मराठी टायपिंगची परीक्षा २४ ला. पास झाली तर ऑफिसात शिपायाची क्लार्क, नाहीतर रिटायर होईपर्यंत साहेबांपुढे पाण्याचे ग्लास. शेवटची संधी आहे म्हणे. सराव करते माझ्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डावर, टीव्हीला जोडून. पण त्यावरची सिस्टीम! रंगीत चिन्हं, मागे समुद्राचा फोटो. बालवाडी. बत्तीस वर्षं कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरात हे शोभत नाही. ती काढून बीएसडी टाकतो, जाणकारांची सिस्टीम. दोन दिवसांचं काम.
सु. म्हणाली, "अहो, चाललंय ना ते? मग राहू दे ना." चालतं काय, गाढवही चालतं.

५ नोव्हें., बुध.
बोर्डाचं मेमरी कार्ड भरायला मुलुंडला मेहुण्याकडे. दिलीपकडे भारी लॅपटॉप, खेळतो काय तर पत्ते. गाढवाला गुळाची चव काय. जुनी सिस्टीम पुसून बीएसडी भरली. घरी येऊन लावली. दिवा लाल, टीव्ही काळा.

६ नोव्हें., गुरु.
काळाच. फोनवरून नेटवर विचारलं. एका दीडशहाण्याचं उत्तर, आधी माहिती वाचा. अरे, तुझ्या जन्माआधीपासून वाचतोय.
सु. टीव्हीसमोर कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. "आज होईल का?" होईल, म्हटलं.

९ नोव्हें., रवि.
बोर्ड आतून काय बोलतो ते लॅपटॉपवर दिसावं म्हणून केबल आणली. बोर्ड घेऊन पुन्हा मुलुंड. बोर्ड काही बोलला नाही. केबल बोगस. दुकानदार चोर. दिलीप मागून डोकावून म्हणतो, "भावोजी, जुनंच परत टाका ना." पत्ते खेळणाऱ्याने सल्ला द्यायचा आणि आपण ऐकायचा.

१२ नोव्हें., बुध.
केबल चांगली आहे. दोन वायरी मीच उलट्या लावल्या होत्या. हे कोणाला सांगायची गरज नाही.
सु. रोज आठ-साडेआठला येते. ऑफिसात काम वाढलं असणार.

१४ नोव्हें., शुक्र.
संध्याकाळी न कळवता मुलुंडला गेलो. दारातच दिलीप, "भावोजी, आज लॅपटॉप नाही मिळणार. ताई बसलीय." आत सु. पाठमोरी, टकटक चालू. हात इतके भरभर कधी चालायला लागले? आठवडाभर ऑफिसातून थेट इथे येते. दिलीपने लॅपटॉपवर सरावाचं सगळं भरून दिलंय, कळांवर अक्षरांची स्टिकरंसुद्धा. ती चिकटवलीत तीही वाकडी.
मी चहा न घेता निघालो. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय बोलणार होतो, देव जाणे.

२० नोव्हें., गुरु.
चालू झाली! नऊ सेकंदांत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक फालतू चिन्ह नाही. झकास.
सु.ला बसवलं. तिने 'महाराष्ट्र' टाइप केलं, उमटलं भलतंच. मराठी कीबोर्ड आहे, पण नव्या पद्धतीचा. परीक्षेत जुन्या टाइपरायटरचा लागतो. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.
सांगितलं होतं. सु.ने. तेव्हा मी म्हटलं होतं, जुनाट गोष्टी शिकून काय करणार.

२३ नोव्हें., रवि.
तीन दिवस बसून जुनी मांडणी एकेक कळ करत स्वतः लिहिली. सगळी अक्षरं बरोबर उमटतात. सु.ला हाक मारली. "आता नको हो, हात बिघडेल." मुलुंडला गेली.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी विचारलं, सोबत येऊ? "दिलीप येतोय."
संध्याकाळी आली. शेवटच्या उताऱ्याला बोटं अडखळली म्हणाली. निकाल दोन महिन्यांनी. चहा टाकता टाकता म्हणाली, "तुमचं झालं ना हो चालू?"
झालं, म्हटलं.
"मग बरं."
टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. चिडली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.