बसपाशी परतवलेले घास

एमाये,

तुझ्या गुडघ्यांना ओठ टेकवून तुझी लेक मेकलित लिहिते. गोंदरला मी मजेत आहे. थंडीला तुझी शाल पुरते. घरोघरच्या जेवणाच्या चित्रांची वही निम्मी भरली. बाबांचा खोकला कसा आहे?

एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण ती तुलाच सांगायला हवी. काल घरमालकीण झेनेबेच मावशींनी जेवायला बोलावलं. परातभर इंजेराची जाळीदार भाकरी पसरली होती, सगळे भोवती बसले, आणि मी वही काढली. मावशींनी मसुराच्या रश्श्यात बुडवलेला घास माझ्या तोंडापाशी आणला. मी म्हणाले, "थांबा हं, एवढं रंगवून होऊ दे."

त्यांचा हात तसाच राहिला. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. बाकीचेही जेवायचे थांबले.

"भूक नाही पोरी, की आमचा हात आवडला नाही?"

मी वही बाजूला ठेवून घास घेतला. मला इकडे निघतानाची, अदामाच्या बसथांब्यावरची तू दिसलीस. एकच घास भरवला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून तू डब्यातून दोन करून आणले होतेस. मैत्रिणी बसच्या खिडकीतून बघत होत्या. मी तोंड फिरवून म्हणाले, "एमाये, मी काय आता कुक्कुलं बाळ आहे?"

चित्र बरं आलंय. मावशींचा हात तेवढा जमला नाही.

बस गेल्यावर त्या दोन घासांचं तू काय केलंस?

तुझीच,
मेकलित