लांबची तारीख

३ मार्च, सोमवार
शिकागोजवळचं शॉमबर्ग. पहाटे बर्फ. ड्राइव्हवे साफ केला. गाडी काढायची नव्हती तरी.
ब्रोकरची मेल. बाजार पडल्याने मार्जिन, म्हणजे उचलीपोटी ठेवलेलं तारण, कमी पडतंय. शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर तेच विकतील, त्यांना हवं ते.
मुग्धाच्या घराचं डाऊन पेमेंट शेअरवर उचल घेऊन दिलं होतं. "बाबा, आर यू शुअर?" "अगं, पैसे पडूनच होते." नलूलाही हेच सांगितलं.

४ मार्च
शेअर विकले तर त्या पैशांतला थोडाच भाग हिशेबात धरतात. लांबच्या मुदतीच्या ऑप्शनवर उचल मिळत नाही, म्हणून ते विकले तर सगळे पैसे धरतात. तेव्हा तेच विकायचे. गणित सरळ आहे.
माझे ऑप्शन म्हणजे येत्या नव्हे, त्यापुढच्या जानेवारीपर्यंत ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क. तोवर भाव चढला तर अ‍ॅशबर्नला, मुग्धाच्या जवळ, छोटं टाऊनहाऊस. नलूने देवघराची भिंतसुद्धा ठरवली आहे.
ती ऑगस्टमध्ये गेली, मुग्धाच्या बाळंतपणाला. दीड महिन्यासाठी.

५ मार्च
ऑप्शन विक्रीला लावले. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात मोठं अंतर. मधला भाव टाकला. दिवसभर कोणी आलं नाही. इतक्या लांबच्या तारखेला गर्दी नसते.
दुपारी कालची खिचडी.
दत्ताचा फोन. "निम्मे विक ना यार."
"निम्म्यात घर येतं?"
"मग वहिनींना सांग."
नलूला सांगितलं तर मुग्धा पैसे परत करायला निघणार. त्याला क्रिकेटचा स्कोअर विचारला.

६ मार्च
भाव उतरवला. निम्मे लगेच गेले. म्हणजे तिकडे कोणीतरी होतं.
अजून कमी पडतात. उरलेले मधल्या भावाला लावून ठेवलेत. उद्या बाजार चढून तूट भरली तर मागे घेईन, कदाचित वाचतील.
संध्याकाळी नलूचा व्हिडिओ कॉल. बाळ बसायला लागलंय. दोन्हीकडून उशा.
"अहो, चेहरा का उतरलाय?"
"लाइट तसा आहे."
"जेवताय ना नीट? आणि कायमचे कधी येताय इकडे?"
"जानेवारीत."
हसली. "कुठल्या?"
तेवढ्यात बाळ कलंडलं, रडलं. तिने फोन तिथेच टाकला. मग त्यांचं छत दिसत राहिलं. पांढरं, नवं. लांबून तिचा आवाज, अंगाईसारखं काहीतरी.
मी फोन बंद केला नाही.