नवव्या होलवरची हरळी

नगर, कॅम्प
मंगळवार, २९ मे १९७३

श्री. राधाकृष्ण भाऊजी यांस वहिनीचा नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्याचं. सुमनने लिहिलं होतं की तुम्ही अजूनही ट्रकखाली स्वतः सरपटत जाता आणि मग दोन माणसांना ओढून काढावं लागतं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने गॅरेजात खुर्ची टाकून बसावं आणि पोरांवर ओरडावं, त्यासाठीच तर गॅरेज काढायचं असतं. सुमनची डोकेदुखी थांबली का? मिरजगावला पाण्याची काय अवस्था आहे? हायवेवर टँकर दिसतात म्हणे, पण ते नेहमी दुसऱ्याच गावाला निघालेले असतात. माझी प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम ती निवृत्त झाल्यापासून कधीच नव्हती, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र. भाऊजी, मी जिंकले.

तुम्हाला ठाऊकच आहे की तुमचे थोरले बंधू गेल्यापासून मी इथल्या गोल्फ क्लबाची महिला सहसदस्य आहे. सहसदस्य म्हणजे वर्गणी पूर्ण आणि मत शून्य. व्हरांड्यात बसून चहा प्यावा, नाताळात मुलांना फुगे वाटावेत आणि पुरुष मंडळी आपापल्या पराक्रमाच्या कथा सांगू लागली की भुवया उंचावाव्यात, एवढंच आमचं काम. एकतीस वर्षं मी शाळा तपासनीस म्हणून अकोल्यापासून जामखेडपर्यंत मास्तर लोकांना घाम फोडला, आणि इथे सेक्रेटरी मला विचारतात की चहात साखर किती. यंदाचा उन्हाळा तर पाहायलाच नको. मैदानावर गवताची काडी नाही. चेंडू मारला की तो मुरमावरून टणाटण उड्या मारत थेट भिंगारच्या नाल्यापर्यंत जातो, आणि ज्यांना आयुष्यात दीडशे यार्ड जमले नाहीत ते डॉक्टर (आपले अध्यक्ष, जे सभेत झोपतात) परवा तीनशे मारल्याची बढाई मारत होते. क्लबात हिरवं असं फक्त बिलियर्डच्या टेबलावरचं कापड उरलं होतं. ही परिस्थिती सेक्रेटरींना सहन झाली नाही.

सेक्रेटरी म्हणजे मेजर कानिफनाथ लगड. मूळचे काष्टीचे. सतराव्या वर्षी पलटणीत गेले ते मिशा आणि पेन्शन घेऊन परत आले. माणूस प्रामाणिक आहे, पण मार्च महिन्यात निलगिरीच्या डोंगरात कुठल्याशा क्लबावर आठ दिवस पाहुणा म्हणून राहिला आणि बिघडला. तिथे म्हणे प्रत्येक होलभोवती गालिच्यासारखं गवत, त्याला म्हणायचं 'ग्रीन'. आपल्याकडे ते कसं असणार? आपल्याकडे होलभोवती असतो तो 'ब्राऊन'. बारीक वाळूत मोटारींचं जळकं तेल मुरवून केलेली, मळणीच्या खळ्याएवढी गोल, सपाट जागा. चार जण खेळून पुढे गेले की गोजरबाई आणि तिची जाऊ लंकाबाई लांब दांड्याची फळी घेऊन मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला गोल गोल ओढत येतात आणि पावलांच्या सगळ्या खुणा मिटवतात. गोजरबाई त्या जागेला खळंच म्हणते. तिच्या हातची वाळू पाहिली की मला आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदरने इस्त्री केलेली चादर आठवते, आणि त्या मदरच्या चादरीवर बसायची आमची कुणाची छाती नव्हती.

तर मेजरसाहेबांनी ठरवलं की व्हरांड्यासमोरच्या नवव्या होलचा ब्राऊन उखडायचा आणि तिथे खरं गवत लावायचं. २७ मेला पुण्याचा संघ सामन्याला येणार, त्यांनी व्हरांड्यात बसावं आणि समोर हिरवंगार पाहावं, हे स्वप्न. बंगलोरहून ट्रकने गवताचे गड्डे आले. नाव 'बर्म्युडा'. मेजर ते नाव असं उच्चारत की समोरच्याने टोपी काढावी. छावणीच्या गोठ्यातून दोन गाड्या शेणखत आलं. आणि मग पाणी. इथे माझं डोकं फिरलं, भाऊजी. क्लबाच्या मागच्या फाटकाजवळची विहीर तुम्ही पाहिली आहे. गेल्या पावसाने दगा दिल्यापासून मागच्या वस्तीच्या चाळीस घरांतल्या बाया दुपारी दोन ते चार त्या फाटकातून पाणी नेत. कुणी ठराव केला नव्हता, कुणी हरकत घेतली नव्हती. मेजरसाहेबांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. विहिरीत पाणी दोन पुरुष खोल उरलंय, ते ग्रीनला लागेल म्हणाले. वस्तीतल्या बाया आता भर उन्हात दीड मैल जाऊन नळावर भांडत होत्या, आणि इथे एक माणूस सकाळ संध्याकाळ झारीने बर्म्युडाला न्हाऊ घालत होता. वर गोजरबाई आणि लंकाबाईला सांगितलं की सामना झाला की तुमची गरज नाही, हळूहळू नऊही होल गवताचे होतील, मग फळी कशाला? तुम्ही खडी फोडायच्या कामावर नाव घाला.

मी सेक्रेटरींकडे लेखी तक्रार केली. त्यांनी उत्तर दिलं की सहसदस्यांना मैदानाच्या बाबतीत मत नाही, आणि खाली मोठ्या अदबीने सही केली. मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, बघू. (हा शब्द मी शाळांच्या शेरे-पुस्तकात एकतीस वर्षं वाचला आहे. त्याचा अर्थ मला कुणी शिकवू नये.) मी कार्यकारिणीच्या चारही सभासदांच्या बायकांकडे गेले. त्या सगळ्यांचं माझ्याशी एकमत झालं आणि एकीचाही नवरा बदलला नाही.

आता शुक्रवार सकाळचं ऐका. सामन्याला दोन दिवस उरलेले. मेजरसाहेब पाहुण्यांच्या जेवणासाठी कोंबड्या ठरवायला निघाले होते. जाता जाता त्यांना दिसलं की त्यांच्या लाडक्या ग्रीनवर गवताबरोबर आणखी बरंच काही उगवलं आहे. शेणखत म्हटलं की त्यातून काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. माळी गावाला गेलेला. मेजर व्हरांड्यात माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाईसाहेब, तेवढं त्या दोघींना सांगा, परतेपर्यंत ग्रीन स्वच्छ खुरपून ठेवा, तण एकही राहता कामा नये, मुळासकट. मी सांगितलं. शब्द न् शब्द, जसा त्यांनी दिला तसा. (निरोप पोचवण्यात मी कधी चूक केलेली नाही.)

दोघी खुरपी घेऊन बसल्या. भाऊजी, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले. बंगलोरहून ट्रकने आलेलं ते बर्म्युडा म्हणजे काय होतं असेल? हरळी. आपली साधी, हलकट, जन्माची वैरीण हरळी. जिच्यापायी तुमच्या वडिलांनी ओढ्याकाठचं रान तीन वेळा खणून काढलं आणि चौथ्या वेळी तिच्यापुढे हात टेकले, ती. मेजरसाहेबांचे वडीलसुद्धा काष्टीला आयुष्यभर तीच खणत असणार, पण मुलगा सतराव्या वर्षी पलटणीत गेला ना. त्याला हरळी भेटली ती थेट निलगिरीत, साहेबी नाव लावून.

गोजरबाईने तीन तासांत त्या वर्तुळातली हरळी अशी काढली की तिची एक मुळी मातीत राहिली नाही. खुरप्याने जमलं नाही तिथे हाताने उकरलं. लंकाबाईने ती पाट्यांत भरून, पुन्हा रुजू नये म्हणून, नेऊन उन्हात दगडावर पसरली. आणि ठेवलं काय? शेणखतातून उगवलेला तांदुळजा. कोवळा, लुसलुशीत, वीतभर उंच. अशा वर्षात खायची भाजी कोण उपटतं? उलट दोघींनी त्याची विरळणी केली आणि प्रत्येक रोपाला छान आळं करून दिलं. मधल्या भोकात झेंडा, आणि भोवती भाजीचा वाफा.

मेजरसाहेब बारा वाजता परतले. मी एकवीस वर्षांपूर्वी पाथर्डीला एका मुख्याध्यापकाला माझ्यासमोर खुर्चीसकट मागे पडताना पाहिलं होतं, त्यानंतर असा चेहरा पाहिला नाही. ते ओरडले नाहीत. ओरडण्याची अवस्था केव्हाच मागे पडली होती. त्यांनी गोजरबाईला विचारलं की गवत कुठे आहे. गोजरबाईला वाटलं साहेब खूष झाले.

"लई माजली हुती साहेब, हरळी. बरं झालं येळेवर सांगितलं. अजून पंधरा दिस गेले असते तर समदं रान गिळलं असतं तिनं. तुमच्या भाजीला धक्का न्हाई लावला."

मेजर मटकन पायरीवर बसले. मी त्यांना पाणी दिलं. (विहिरीचं.) माझ्या मनात दया आली हे मी कबूल करते, पण ती बाहेर येऊ दिली नाही. परवा पुण्याचे लोक येणार आणि नववा होल म्हणून त्यांना तांदुळजा दाखवणार का, असं मी विचारलं. जुन्या ब्राऊनची वाळू शेडमागे ढीग करून टाकलेली होती. तेलाचं शेवटचं पिंप कोपऱ्यात होतं. हात चालणाऱ्या दोन बाया समोर होत्या. शनिवारचा अख्खा दिवस होता. मेजरसाहेबांनी मान वर केली आणि गोजरबाईला म्हणाले की उद्या संध्याकाळपर्यंत ब्राऊन परत कर.

भाऊजी, त्या क्षणी मी गोजरबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. शपथेवर सांगते. तिने खुरपं पदराला पुसलं, कमरेला खोचलं आणि म्हणाली, "करू की. पर आदी फाटकाचं कुलूप काडा साहेब, मंग फळी. दीड मैलावरनं पानी आनून हात मोडल्यात आमचं. मोडक्या हातानं खळं व्हत न्हाई."

लंकाबाई, जी वर्षभरात तीन वाक्यं बोलते, तिने चौथं जोडलं. "आन खडी फोडायला बी आमी जानार न्हाई."

मेजर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, मला मैदानाच्या बाबतीत मत नाही. त्यांनी कमरेची किल्ली काढली. माझ्या हातात दिली, गोजरबाईच्या नाही, तेवढी तरी मिशांची लाज राखली म्हणायची. दोन वाजता फाटक उघडलं. चाळीस घरांच्या बाया घागरी, कळशा, डालड्याचे डबे घेऊन आत आल्या, आणि बातमी आधीच पोचलेली असल्यामुळे प्रत्येक जणी जाताना नवव्या होलपाशी थांबून तांदुळजा पाहून गेली. संध्याकाळपर्यंत एक पानही शिल्लक नव्हतं, त्यामुळे जागा साफ करायचा त्रास वाचला.

रविवारी पुण्याचा संघ आला. त्यांचे कॅप्टन निवृत्त जज्ज आहेत. त्यांनी नवव्यावर बावीस फुटांवरून चेंडू ढकलला आणि तो सरळ रेषेत भोकात गेला, जसा बोट धरून नेलेला. ते वाकले, वाळूला हात लावून पाहिला आणि आपल्या मेजरना म्हणाले की असा ब्राऊन मी पंधरा वर्षांत पाहिला नाही, आमच्याकडच्या गवतावर चेंडू दारू प्यायल्यासारखा जातो. सामना आपण हरलो. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

काल सभा झाली. क्लबाचा कारकून लग्नाला गेल्यामुळे आणि माझं अक्षर चांगलं असल्यामुळे सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. ठराव झाले ते असे: गवताची योजना कायमची रद्द. मागचं फाटक दर उन्हाळ्यात दोन ते चार उघडं. गोजरबाई आणि लंकाबाई कायम. आणि मैदानाची देखभाल माझ्याकडे, मतासह. मेजरसाहेबांनी शेवटपर्यंत झुंज दिली, पण अध्यक्ष जागे होते. (पुण्याच्या जज्जसाहेबांनी त्यांना पत्र लिहायचं कबूल केलं आहे, त्यामुळे झोप उडाली असावी.) क्लबाच्या एकोणसत्तर वर्षांत मैदानावर अधिकार असलेली मी पहिली बाई. तुमचे बंधू असते तर म्हणाले असते, आता मैदानाची खैर नाही. म्हणोत.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सुमनला म्हणावं डोक्याला लिंबू चोळून उपयोग नाही, चष्मा बदल.

तुमची वहिनी,
रतन

ता. क. १. तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगते. हो, शुक्रवारी आठ ते अकरा मी व्हरांड्यातच होते. तिसऱ्या मिनिटाला मला कळलं होतं की काय उपटलं जातंय. मी तीन कप चहा घेतला.

ता. क. २. आता कामाचं. सभेत मेजरसाहेबांनी एक रास्त मुद्दा काढला. नववा ब्राऊन करण्यात शेवटचं पिंप संपलं. उरलेले आठ कोरडे पडलेत, वारा सुटला की वाळू उडते, आणि जळकं तेल नगरात कुठे मिळत नाही. तेल नाही तर ब्राऊन नाही, ब्राऊन नाही तर गवत, गवत तर पाणी, पाणी तर पुन्हा कुलूप. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं की सहा पिंपं तेल माझ्या अंगणात येऊन पडलेलं आहे. इतिवृत्तातही तसंच लिहिलं, चांगल्या अक्षरात. ते आलेलं नाही. मेजरसाहेब रविवारी सकाळी आठ वाजता पिंपं पाहायला येणार आहेत, आणि पिंपं दिसली नाहीत तर तेच इतिवृत्त माझ्यासमोर धरतील.

ता. क. ३. भाऊजी, हायवेवरच्या इतक्या ट्रकांचं तेल तुम्ही बदलता, त्याचं काय करता हे मी तीस वर्षांत विचारलं नाही. आज विचारते. ट्रक शनिवारी दुपारपर्यंत पोचेल असा निघावा. ड्रायव्हरला माझ्या बंगल्यावर पाठवू नका, शेजारी मेजर राहतात. क्लबाच्या मागच्या फाटकाने दोन ते चारच्या दरम्यान आत यायला सांगा. तेव्हा ते उघडं असतं, आणि पिंपं उतरवायला, अंधार पडल्यावर मागच्या वाटेने माझ्या अंगणात लोटत आणायला, चाळीस बाया तिथेच असतात.