हळदीनं शेक लागू पडतो

आई, तुझ्या धाकट्याच्या घशात गाठ निघाली आहे. नगरच्या दवाखान्यात त्याला रेडिएशन चालू आहे. तुला देत होते तेव्हा आपण सगळे त्याला शेकच म्हणायचो, इतक्या वर्षांनी तोही तसंच म्हणतो. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी गिळताना डोळ्यांत पाणी येतं गं त्याच्या. बघवत नाही.

आणि त्यात मी माती खाल्ली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही कॅन्सरच्या पेशींना हळदीतला अर्क देतो, मग त्यांच्यावर किरण सोडतो. नुसत्या किरणांपेक्षा जास्त पेशी मरतात, असं प्रयोगाच्या काचेच्या बशीत दिसलं. गेल्या दिवाळीत केडगावच्या घरी करंज्या तळता तळता मी हे हौसेनं सांगत बसले. तेव्हा त्याला साधा खोकलाही नव्हता. तू असतीस तर तिथंच डाफरली असतीस. लहानपणी मी उकळतं हळदीचं दूध तोंडाला लावलं, जीभ भाजली, आणि तू म्हणालीस, "शिजेस्तोवर दम धरलास, निवेस्तोवर धरवत नाही होय गं?" अगदी तसंच झालं बघ.

परवा त्याच्या उशाशी हळदीच्या कॅप्सूलचा डबा सापडला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला होता, काही घेत न्हाई. मी भडकले. तर बसक्या आवाजात मलाच म्हणतो, "ताई, तूच म्हनली हुतीस ना, हळदीनं शेक लागू पडतो?"

लागू पडतो! असं कुठं म्हणाले होते मी? बशीत पेशी असतात, आई, माणूस नसतो. एवढा अर्क पोटात गेल्यावर गाठ मरते, की उलट तिलाच बळ मिळतं, कुणालाच नीट ठाऊक नाही. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. भाजीतली हळद चालेल, डबा बंद, असं त्यांनी बजावलं. त्यानं मुकाट्यानं डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मंग इतकी वर्षं तू करतीस तरी काय?" राग नाही आला, रडूच आलं. त्याला आज हवंय, आणि माझ्याकडचं सगळं अजून कच्चं.

निघताना त्यानं हात धरला. "आई असती तर तिनं दिली असती का गं हळद?"

"छे! तिनंही डॉक्टरांचंच ऐकलं असतं."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि कूस वळवून पडला.

पत्र पाठवायचं कुठं, म्हणून इथंच वहीत लिहून टाकते. मी तुझ्या नावावर खोटं बोलले. तू आम्हां सगळ्यांची नजर चुकवून त्याला वाटीभर पाजली असतीस.