शेंडे कोण खुडतंय?

४ ऑक्टोबर
कंबर मोडली. मागच्या बोळातली रंगीत पानांची कोलियसची झाडं पार खंगलीत. अर्धांगाचा झटका येऊन हे दवाखान्यात होते, तेवढ्यात सगळ्यांना फुलांचे तुरे आले. खुडायला होतं कोण? उरल्यासुरल्या फांद्या कापून कुंड्यांत खोचल्या. बोळात ऊन येत नाही, त्यांना तेच मानवतं. ह्यांची खुर्ची मागच्या दारातच. कुंड्या मांडल्या उजव्या हाताशी. म्हटलं, ह्यांनीच लावलेली झाडं आहेत, निदान बघत बसतील. तर समोरच्या भिंतीकडे बघतात!

७ ऑक्टोबर
व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. "उजवा हात आत्ता हलवला नाही तर कायमचा जाईल. मग मला बोलावू नका." दाबायला मऊ चेंडू दिला. ह्यांनी डाव्या हाताने भिरकावला. वाचा शाबूत आहे, पण तोंडाला कुलूप. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलंय मी.

१२ ऑक्टोबर
फांद्या जगल्या! जांभळी, किरमिजी, पोपटी काठाची—नवी पानं फुटली. सांगणार कोणाला? ह्यांनाच सांगितलं. "हं."

१५ ऑक्टोबर
दोन कुंड्यांतले शेंडे गायब! ह्यांच्या बहिणीला फोन केला. वन्सं म्हणाल्या, "गोगलगाय असेल, दुसरं कोण!" अंड्याची टरफलं पसरली. दमले.

१८ ऑक्टोबर
आज आणखी गेले. खाल्लेले नाहीत—शेंडे खालीच पडलेत, पानांच्या जोडीवर नीट खुडलेले. काल वन्सं येऊन गेल्या. त्यांच्या हाताला चाळा असतोच. फोनवर मी त्यांना नको नको ते बोलले. त्या म्हणाल्या, "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

नाहीये. कुठून असणार! हे सगळं ऐकत होते, भिंतीकडे बघत. चेंडू अजून कॉटखालीच. खरं लिहायचं तर मला ह्यांचा राग येतो. रोज येतो. मग रागाचीच लाज वाटते, आणि पुन्हा अंथरूण बदलायला उठते.

१९ ऑक्टोबर
ह्यांची नखं कापायला बसले. डाव्या हाताची कापून झाली. उजवा उचलून मांडीवर घेतला—अंगठ्याच्या नखात हिरवा चीक. उजव्या!

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शेंडा खुडल्याशिवाय झाड दाट होत नाही. किती वेळा सांगायचं तुला?"

वन्संची माफी मागायचीय. आधी जरा रडून घेते.